जागेपणाचा शाप

सात डोंगर आणि एक ओढा ओलांडला की कारवीबन नावाचं राज्य लागायचं. तिथं वाघ नव्हते. वाघ होते तेव्हाच्या गोष्टी सगळे अभिमानानं सांगत, पण वाघ परत यावेत असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. राज्य गव्यांचं होतं. दर सात वर्षांनी डोंगरउतारावर कारवी फुलली की निवडणूक व्हायची. प्रजेनं पूर्ण मोकळेपणानं मत द्यायचं आणि त्याच गव्याला पुन्हा निवडायचं, अशी जुनी परंपरा होती. दुसरा गवा निवडायला मनाई नव्हती. फक्त दुसरा गवा उभा राहत नसे.

ह्या राज्यात ओढ्याच्या वरच्या अंगाला, एका खडकाखालच्या बिळात सारजा नावाची साळिंदर राहायची. तिचा धंदा काटे काढण्याचा. अंगभर काटे असलेल्या बाईनं दुसऱ्यांचे काटे काढावेत ह्यात लोकांना मोठी गंमत वाटायची, सारजाला वाटत नसे. "काटा काय असतो ते मला नाही कळणार तर सशाला कळणार?" असं ती म्हणायची. साळिंदरं खरं तर दिवसा झोपतात. पण पायात मोडलेला काटा अंधार पडेपर्यंत थांबू देत नाही, म्हणून सारजानं दिवसाचं काम पत्करलं होतं. दात लांब, हात हलका, जीभ तिखट. भेकरं यायची, रानडुकरं यायची, कोल्हेही लंगडत यायचे. कुणी विव्हळायला लागलं की ती म्हणायची, "रडू नका. तो तुमच्यापेक्षा लहान आहे."

एका सकाळी ती एका घोरपडीचा पंजा तपासत असताना बिळात एकाएकी अंधार झाला.

"कोण आहे दारात? उजेड अडवू नका."

"मी युवराज आहे," बाहेरून जाड पण भिडस्त आवाज आला.

"मग युवराज, जरा सरका."

युवराज विश्वंभर सरकला. तो जन्मल्यापासून सगळेच त्याच्यासाठी सरकत आले होते. त्याला स्वतःला सरकायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सरकल्यावर इतकं बरं वाटतं हे त्याला माहीत नव्हतं. घोरपड आटपेपर्यंत तो हा एवढा मोठा देह घेऊन रांगेत उभा राहिला. मग त्यानं खूर पुढे केला. खुराच्या बेचक्यात हेकळीचा काटा होता. सारजानं तो एका दमात उपसला. युवराजानं डोळे मिटून घेतले, पण हूं की चूं केलं नाही.

"शहाणे आहात," ती म्हणाली.

असं त्याला शिक्षकांनीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. करवंदीचा काटा. त्याच्या पुढच्या आठवड्यात बाभळीचा. पाचव्या खेपेला सारजानं खूर हातात घेतला आणि बराच वेळ बघत बसली. काटा अगदी मधोमध, सरळ, बेतानं घुसलेला होता.

"हा तुम्ही स्वतः टोचून घेतलाय."

"हो," विश्वंभर म्हणाला.

"का?"

"नुसतं कसं यायचं?"

सारजाच्या पाठीवरचे काटे एकदम उभे राहिले. रागानं उभे राहतात तेव्हा ते खडखडतात. ह्या वेळी खडखडले नाहीत. ती मान खाली घालून म्हणाली, "पुढच्या वेळी नुसतं या. मला काम कमी पडत नाही."

मग तो रोज नुसता येऊ लागला. तो बिळात मावत नसे आणि तिला गर्दी सोडून बाहेर जाता येत नसे, म्हणून तो दाराच्या बाजूला, उजेड न अडवता बसायचा. लोक आपापले काटे काढून घेताना घरचं बोलायचे. कुणाच्या घरात दाणा नाही, कुणाची पोरं चिंचेचा पाला खाऊन झोपतात. राजवाड्यात ह्यातलं काही ऐकू येत नसे. एक दिवस त्यानं तिचा एक गळून पडलेला काटा मागून घेतला आणि कानामागे खोवला. एवढ्या अवाढव्य डोक्यावर तो दिसायचाही नाही. पण तिला दिसायचा. हळूहळू ती त्याला विसोबा म्हणायला लागली.

कारवीबनाचे प्रधान होते सुगंधराव. जातीचे उदमांजर. ते जिथून जात तिथं मागे घमघमाट रेंगाळायचा, आणि कोठारातून बाहेर पडले की तो जरा जास्त असायचा. दुष्काळासाठी राखलेलं वेळूचं बी, मोह, नाचणी, सगळं त्या कोठारात होतं, असं सुगंधराव सांगत. कोठाराचं दार त्यांच्याशिवाय कुणी उघडत नसे, कारण दार उघडलं की आतला साठा हवेनं कमी होतो, हे त्यांनी शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध केलं होतं.

माघात म्हातारा राजा वारला. चैत्रात विश्वंभराला गादीवर बसवायचं आणि भाद्रपदात कारवी फुलली की निवडणुकीनं पक्कं करायचं ठरलं. गादीवर बसण्याच्या आदल्या दिवशी विश्वंभरानं सुगंधरावांना बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. गादीवर बसल्या बसल्या तो कोठार उघडून बघणार होता. आणि सारजा साळिंदरीशी लग्न करणार होता.

पहिली गोष्ट ऐकून सुगंधरावांच्या मिशा थरथरल्या. दुसरी ऐकून त्यांना युक्ती सुचली.

दुसऱ्या दिवशी सगळं रान माळावर जमलं. सुगंधरावांनी मंगल प्रसाद म्हणून मोहाच्या फुलांची मोठी पाटी युवराजापुढे ठेवली. फुलं चांगली मुरलेली होती. विश्वंभर भुकेला होता आणि कुणाचं मन मोडणं त्याला जमत नसे, म्हणून त्यानं पाटी चाटूनपुसून साफ केली. मग तो बोलायला उठला. "माझ्या बांधवांनो," एवढं म्हणाला आणि आडवा झाला.

सुगंधराव धावले. त्यांनी युवराजाच्या कानामागून तो काटा काढला आणि दोन्ही पंजांत धरून उंच केला.

"बांधवांनो आणि भगिनींनो! हा बघा पुरावा! ओढ्यावरच्या त्या चेटकिणीनं आपल्या युवराजांना टोचलं आहे! हा शापाचा काटा आहे! आता हे युवराज तेव्हाच उठतील, जेव्हा एखादी शुद्ध कुळातली राजकन्या येऊन त्यांचं चुंबन घेईल. तोवर, काळजावर दगड ठेवून सांगतो, तोवर हे राज्य मला चालवावं लागेल!"

आणि ते रडले. ते रडले की फार छान वास सुटायचा. सगळं रान त्या वासानं गहिवरलं.

सारजा गर्दीत मागं उभी होती. कुणाच्याही आधी तिनं ओळखलं की हा मोह आहे, आणि ती तसं ओरडलीही. पण ती चेटकीण आहे हे आताच जाहीर झालेलं असल्यामुळे, चेटकीण असंच म्हणणार, हे सगळ्यांना पटलं.

तिला पकडलं मात्र नाही. ह्याचं तिला फार दिवस नवल वाटत होतं. मग एका सकाळी हवालदार गेनू नावाचं एक खवल्या मांजर तिच्या दारात येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "मी तुमच्या संरक्षणाला आहे."

"माझ्या? मी तर चेटकीण ना?"

"म्हणूनच, बाई. तुम्हाला काही झालं तर शाप कुणी दिला म्हणायचं? प्रधानजी म्हणाले, सरकार गेलं तरी चालेल, चेटकीण जाता कामा नये." गेनूनं जरा विचार केला. "सरकार गेलं तरी, हे ते म्हणाले नाहीत. ते मी घातलं."

गेनू प्रामाणिक होता. धोका दिसला की तो ताबडतोब अंगाचं वेटोळं करून घ्यायचा आणि धोका टळेपर्यंत उघडत नसे. पोलिस खात्यात त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती.

त्या वर्षी रानात जे जे वाईट झालं ते सारजानं केलं. ओढा आटला, तो तिनं पिऊन टाकला. पाऊस जास्त झाला, तो तिनं थुंकला. कोठार उघडलं तेव्हा ते रिकामं निघालं, तर तिनं मंत्रानं आतलं धान्य अदृश्य केलं होतं. "धान्य आहेच," सुगंधराव सभेत म्हणाले, "ते फक्त दिसत नाही. मी स्वतः आत जाऊन चाचपून आलो." शाप निवारण खातं निघालं, त्यात सुगंधरावांची सोळा भाचे मंडळी लागली. ज्या सशांना काम नव्हतं त्यांना सारजाच्या दारासमोर घोषणा द्यायचं काम मिळालं.

घोषणा देऊन झाल्या की त्यातलाच एखादा ससा घुटमळत बिळाच्या मागच्या बाजूनं यायचा.

"चेटकीणबाई, एवढा काटा बघता का?"

"कुठं घुसला?"

"इथंच. तुमच्या निषेधाला येताना."

सारजा काटा काढायची. "रडू नका," एवढंच म्हणायची. पुढचं वाक्य आता तिच्या तोंडून निघत नसे. कधी कधी दुपारच्या वेळी, गर्दी नसताना, तिला वाटायचं की आपला तो काटा खरंच कुठं लागला तर नसेल? रोज सकाळी शंभर तोंडांनी तीच गोष्ट ऐकली की आपलीच आठवण आपल्याला खोटी वाटायला लागते. मग ती दाराबाहेर यायची. दाराच्या बाजूला, तो बसायचा तिथलं गवत अजून चेपलेलं होतं. ते बघून तिला पुन्हा खात्री व्हायची.

भाद्रपदात कारवी फुलली. सगळे उतार निळेजांभळे झाले, मधमाश्यांचा गुणगुणाट ऐकू यायला लागला. निवडणूक घ्यावी लागणार होती. तेव्हा सुगंधरावांनी हुकूम काढला: 'युवराज निद्रिस्त असल्याने यंदा कारवी फुललेली नाही, असे समजावे. जे नागरिक फुले पाहतील त्यांनी ती परत करावीत.' लोक कमरेएवढ्या फुलांतून चालत जायचे आणि एकमेकांना म्हणायचे, यंदा उतार अगदी ओसाड दिसतोय नाही? मधमाश्यांवर अफवा पसरवल्याचा खटला भरला गेला.

विरोधी पक्ष गप्प बसला नाही. विरोधी पक्षाच्या नेत्या भागीरथीताई टिटवी ह्या कधीच गप्प बसत नसत. त्या माळावर उभ्या राहून कडाडल्या, "ह्या नाकर्त्या सरकारनं चेटकिणीला मोकळं सोडलंय! आमचं सरकार आलं तर आम्ही तिला दुप्पट दोषी ठरवू!"

चैत्र पुन्हा आला. युवराजाच्या निद्रेला वर्ष झालं म्हणून सुगंधरावांनी राजकन्यांचा चुंबन महोत्सव भरवला. शेजारच्या चार रानांतून चार राजकन्या आल्या. चेटकिणीसाठी एक वेगळा उंच मंच बांधला होता, लोकांना नीट धिक्कार करता यावा म्हणून. गेनू हवालदार तिला सन्मानानं घेऊन गेला. मंचाला पायऱ्या होत्या, सावली होती, प्यायला पाणीही ठेवलं होतं. सगळ्या रानात चेटकिणीची सोय उत्तम होती.

वर्षभरात सारजानं त्याला पाहिलं नव्हतं. फुलांच्या बिछान्यावर विश्वंभर पडला होता. अंग खंगलं होतं, पोट मात्र फुगलेलं. मग सवयीनं तिची नजर त्याच्या पायांकडे गेली.

चितळांची राजकन्या पुढे आली, लाजली, चुंबन घेतलं. युवराज उठला नाही. "चुंबनात तांत्रिक त्रुटी आढळली आहे!" असं जाहीर झालं. काळविटांची राजकन्या आली. तिचं कुळ चार पिढ्यांपर्यंतच शुद्ध निघालं. नीलगायींची राजकन्या म्हणाली की ह्याच्या तोंडाला गुत्त्यासारखा वास येतोय, तेव्हा तिला चक्कर आली आहे असं सांगून मागं नेण्यात आलं. प्रत्येक वेळी लोक हळहळायचे आणि मग सारजाकडे वळून तिचा धिक्कार करायचे. सगळं वेळापत्रकाप्रमाणं चाललं होतं.

सारजा फक्त डावा मागचा पाय बघत होती. खुराच्या वरचा भाग तट्ट सुजला होता, कातडी चकाकत होती. आत काटा होता, जुना, पू धरलेला. चौथ्या राजकन्येचा धक्का त्या पायाला चुकून लागला तेव्हा त्या झोपलेल्या देहात, कातडीच्या आतून, एक बारीक थरथर गेली. ती कुणालाच दिसली नाही.

"गेनू, मी खाली चालले."

"बाई, तसा हुकूम नाही..." गेनूनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, हा धोका आहे हे ओळखलं आणि वेटोळं केलं.

ती मंचावरून उतरली. लोक ओरडत मागं सरले, कारण चेटकीण समोरासमोर येईल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. तिनं तो पाय मांडीवर घेतला. सूज दाताच्या टोकानं फोडली, काट्याचं बूड दातात धरलं आणि सगळा जीव एकवटून ओढलं.

विश्वंभर असा हंबरला की माळाच्या कडेची पाखरं उडाली. महोत्सवाच्या धावपळीत रोजचा मोहाचा रस त्याला त्या सकाळी पाजायचा राहून गेला होता. त्यानं डोळे उघडले. समोर चार राजकन्या होत्या, सगळं रान होतं. त्यानं मान वळवून पायाकडे बघितलं.

"हळू की गं, सारजा," तो म्हणाला.

सारजाच्या तोंडात काटा होता, तरी तिला रडू आवरेना. "रडू नकोस," तो म्हणाला, "तो तुझ्यापेक्षा लहान आहे."

सारजानं काटा थुंकला आणि लोकांकडे वळली. "बघा! ह्याला शाप नव्हता. वर्षभर ह्याला मोहाचा रस पाजलाय. जवळ या, वास घ्या!"

कुणी जवळ आलं नाही. त्यांना आनंद व्हायला हवा होता, आणि तो कसा करायचा हे कुणालाच आठवत नव्हतं. शाप संपला तर शाप निवारण खात्याचं काय? घोषणा देणाऱ्या सशांचं काय? आणि वर्षभर आपण जिच्या नावानं बोटं मोडली, तिच्याकडे आता कोणत्या तोंडानं बघायचं? एवढे प्रश्न एकदम पडल्यावर सगळ्यांनी आपोआप सुगंधरावांकडे बघितलं.

सुगंधराव एक क्षण पांढरे पडले. दुसऱ्या क्षणी त्यांचा वास सुटला.

"बांधवांनो! अनर्थ झाला! तुमच्या डोळ्यांदेखत चेटकिणीनं युवराजांना नवा शाप दिला! जागेपणाचा शाप! आता ते झोपू शकणार नाहीत! आणि जो झोपू शकत नाही तो आपला लाडका निद्रिस्त युवराज कसा असेल? हा तोतया आहे!"

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हे त्यांना समजण्यासारखं होतं.

त्याच दिवशी दुपारी ओढ्यातून एक मोठा काळा धोंडा ढकलत आणला गेला. तो बिछान्यावर ठेवून त्यावर शाल पांघरली. लांबून तो गव्यासारखा दिसायचा, जवळून धोंड्यासारखा, म्हणून जवळ जायला बंदी घातली. युवराजांची प्रकृती स्थिर असल्याचं राजवैद्यांनी सांगितलं, आणि ते प्रथमच खरं बोलत होते. पाठोपाठ हुकूम आला: 'गेल्या वर्षी न फुललेली कारवी आज फुलली, असे समजावे. निवडणूक आठ दिवसांनी. निवडणुकीत हरणारा तोतया ठरेल. तोतयास कड्यावरून लोटण्यात येईल.'

संध्याकाळी सुगंधराव एकटेच ओढ्यावर आले. विश्वंभर दाराच्या बाजूला, आपल्या जुन्या जागी झोपला होता. ह्या वेळी साधी, थकलेली झोप.

"सारजाबाई," सुगंधराव मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. किंबहुना आदरच आहे. तुमच्यासारखी चेटकीण आजकाल मिळत नाही. लोकांना तुमची सवय झाली आहे. ह्याला तेवढा पुन्हा मोह पाजा. तुमच्या हातचा तो नाही म्हणणार नाही. वाड्यात झोपू दे, तुम्ही रोज शेजारी बसा. कडाही नको, निवडणूकही नको. प्रेमच आहे ना तुमचं?"

सारजानं झोपलेल्या त्या डोक्याकडे बघितलं. कडा फार उंच होता. खाली नुसते खडक होते.

"प्रधानजी," शेवटी ती म्हणाली, "हा झोपलेला असताना मी वर्षभर ह्याच्यावर प्रेम केलंय. फार एकटं वाटतं हो. तुम्ही निघा."

प्रचार सुरू झाला. धोंड्याला निशाणी मिळाली उशी. विश्वंभराला मिळाली काटा. 'जोवर युवराज झोपेत, तोवर रान झोकात!' अशा घोषणांनी माळ दणाणला. भागीरथीताईंनी ऐन वेळी धोंड्यालाच पाठिंबा दिला, पण सरकारवर कडाडून टीका करत. "ह्यांनी युवराजांना वर्षभर एकाच कुशीवर झोपवलं! आमचा आग्रह आहे, युवराजांना दोन्ही कुशींवर झोपायचा समान अधिकार मिळालाच पाहिजे!"

विश्वंभराची एकच सभा झाली. त्याला भाषण येत नव्हतं. तो लंगडत उभा राहिला आणि म्हणाला, "मी जागा आहे. मी काल कोठार बघून आलो. आत काही नाही. जे आहे ते सुगंधरावांच्या वाड्यामागं पुरलेलं आहे, तिथं फार वास येतो. आपण सगळ्यांनी मिळून खणलं तर येत्या उन्हाळ्याला पुरेल. काम कष्टाचं आहे. मीही खणीन."

लोक दुखावले. एक म्हातारा ससा डोळे पुसत म्हणाला, "वर्षभरात युवराज आम्हाला एका शब्दानं बोलले नव्हते. आणि हा आल्या आल्या खणायला सांगतो."

मतदान शांततेत झालं. धोंडा प्रचंड बहुमतानं निवडून आला. विश्वंभराला दोन मतं पडली. एक सारजाचं. दुसरं त्याचं स्वतःचं नव्हतं, गेनू हवालदाराचं होतं, कारण विश्वंभर स्वतः मतदानाच्या रांगेत पाय दुखणाऱ्यांना पुढं जाऊ देत उभा होता आणि त्याची पाळीच आली नाही.

निकाल लागला तसा सगळा जमाव विश्वंभराला घेऊन कड्याकडे निघाला. तो मुकाट्यानं चालत होता. वीस रानडुकरं मागून ढकलत होती, पुढून भागीरथीताई जागा झाडून घेत होत्या. कड्याच्या टोकाशी तो थांबला आणि सारजाला म्हणाला, "तू घरी जा. तू बघू नयेस."

सारजाच्या पाठीवरचे सगळे काटे उभे राहिले. ह्या वेळी ते खडखडले. वर्षभर दाबून ठेवलेला राग त्या आवाजात होता. ती कड्याच्या आणि जमावाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"मी कोण आहे?" तिनं विचारलं.

रानडुकरांनी एकमेकांकडे बघितलं.

"सांगा ना! वर्षभर रोज सकाळी माझ्या दारात सांगत होता. कोण आहे मी?"

"चेटकीण," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

"बरोबर. ओढा कुणी प्यायला? मी. धान्य कुणी अदृश्य केलं? मी. कारवी फुलूनही न फुलवणारी मीच. आता ऐका. ह्याच्या अंगाला जो हात लावील, त्याला मी तोच शाप देईन. जागेपणाचा! तो आज घरी जाईल आणि त्याला सगळं दिसायला लागेल. रिकामं कोठार दिसेल. शालीखालचा धोंडा दिसेल. आपण वर्षभर काय बोललो ते आठवेल, आणि मरेपर्यंत डोळा लागणार नाही! या, कोण येतंय पुढं?"

वीस रानडुकरं एकदम मागं सरली. सशांनी डोळ्यांवर कान ओढून घेतले. भागीरथीताई हवेत उडाल्या आणि खाली यायचं विसरल्या. स्वतः सुगंधरावही दोन पावलं मागं सरले. शाप नावाची गोष्ट नसते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तरी धाडस होईना. गेनू वेटोळं करून बसला होता. पण थोड्या वेळानं, सगळ्यांच्या देखत, तो हळूहळू उघडला.

"चला, विसोबा," सारजा म्हणाली. "लंगडू नका. माझ्या बाजूनं टेकून चाला. नको, टेकू नका, टोचेल. नुसते चाला."

"टोचू दे," विश्वंभर म्हणाला.

जमावानं दोन्ही बाजूंना सरकून वाट करून दिली. ती दोघं पहिला डोंगर उतरली, दुसरा चढली आणि दिसेनाशी झाली. ओढ्यापलीकडं कुठंतरी त्यांनी संसार थाटला आणि रोज दुपारी कडाक्याचं भांडत आनंदानं राहिली, असं बाहेरून येणारी पाखरं सांगत. पाखरांवर विश्वास ठेवायला कारवीबनात बंदी होती.

पुढच्या पौर्णिमेला नव्या राजाचा पहिला दरबार भरला. शालीत गुंडाळलेला राजा गादीवर ठेवला होता. कोठारात नक्की काय आहे, असा प्रश्न एका सशानं उभं राहून विचारला. राजांनी त्यावर काही उत्तर दिलं नाही. केवढा हा संयम, केवढी ही खोली, असं म्हणत दरबारानं उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि प्रश्न विचारणाऱ्या सशाचे आजोबा मूळचे कोणत्या रानातले होते, ह्याची चौकशी सुरू झाली.